टर्नरचा दिवाणखाना : चित्राचे नाव आणि चित्राचा आशय

इंग्लिश चित्रकार जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर हा १८५१ च्या डिसेंबरात वारला, तेव्हा त्याच्या चित्रशाळेत जे काही उरले होते ते सारे, मृत्युपत्रावरील दीर्घ वादानंतर, १८५६ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय संग्रहात दाखल झाले. सुमारे ३०० तैलचित्रे आणि हजारो रेखाटने व जलरंगचित्रे असा तो प्रचंड संभार होता. त्यांतील कित्येक तैलचित्रे अर्धवट होती. कित्येकांना नावे नव्हती, आणि त्यांपैकी बरीचशी टर्नरने कोणाला दाखविण्यासाठी काढली होती असेही दिसत नाही. अशा चित्रांना नाव देण्याचे काम मग संग्रहाच्या व्यवस्थापकांकडे येते. आणि नाव एकदा चौकटीखाली लागले, की ते चित्रकारानेच दिले असावे अशी प्रेक्षकाची नकळत समजूत होते. या समजुतीतून समीक्षेचे काय होऊ शकते याचे एक चांगले उदाहरण या संभारातच सापडते. आज ते टेट ब्रिटनच्या संग्रहात आहे.

चित्र एका दालनाचे आहे. रुंदी ४ फूट, उंची त्याहून सुमारे फूटभर कमी. दालन उंच आहे आणि उघडच एखाद्या धनिकाच्या वाड्यातील आहे. मागील बाजूस कमानीसारखी वाट असून तिच्यातून पिवळसर पांढऱ्या प्रकाशाचा लोट आत घुसला आहे. ‘घुसला’ हाच शब्द येथे योग्य होय. खिडकीतून ऊन येते तसा हा प्रकाश येत नाही. कमानीच्या कडा त्याने खाऊन टाकल्या आहेत आणि बाजूच्या भिंती त्याच्या झळीने सोनेरी धुक्यासारख्या झाल्या आहेत. खाली तांबडा आणि तपकिरी रंग साचला आहे. त्यात कापडाचे ढीग, कलंडलेले सामान, कुत्र्यांसारखे काही लहान आकार अशी एक भासमान गर्दी आहे. एका बाजूला मोठा, ठोकळ्यासारखा आकार आहे. आणि मधूनमधून पांढुरके, मानवी बांध्याचा भास देणारे आकार आहेत. ती दालनात मांडलेली शिल्पे असावीत. त्यांपैकी एकही शिल्प ओळखता येत नाही. एवढा मोठा दिवाणखाना, आणि त्यात एकही जिवंत माणूस खात्रीने दाखविता येत नाही.

या चित्राला नाव मिळाले ते ‘पेटवर्थ येथील अंतर्भाग’ असे, आणि काळ ठरला तो सुमारे १८३७. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या होत्या. पेटवर्थ हा ससेक्स परगण्यातील एग्रेमॉन्टच्या तिसऱ्या अर्लचा वाडा. हा अर्ल, जॉर्ज ओब्रायन विंडम, टर्नरच्या मोठ्या आश्रयदात्यांपैकी एक. टर्नर १८०९ साली प्रथम तेथे गेला. पुढे १८२७ पासून दहा वर्षे तो तेथे वारंवार राहत असे. वरच्या मजल्यावरील जुने ग्रंथालय त्याला चित्रशाळा म्हणून वापरावयास दिलेले होते. १८२७ साली त्याने निळ्या कागदाच्या लहान तुकड्यांवर त्या घराची शंभराहून अधिक चित्रे अपारदर्शक जलरंगांत काढली. शयनगृहे, जिने, जेवणाची मेज, पत्ते खेळणारी मंडळी, चित्रकाराच्या खोलीत डोकावणाऱ्या स्त्रिया, काही म्हणता काही सोडले नाही. घरच्या माणसालाच जे दिसते ते या चित्रांत आहे. एकलकोंडा आणि संशयी म्हणून ख्यात असलेल्या टर्नरला या घरात मोकळेपणा लाभला होता, याविषयी त्याच्या चरित्रकारांत मतभेद नाही. हा अर्ल १८३७ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ८५ व्या वर्षी वारला, आणि टर्नरचे पेटवर्थपर्व तेथेच संपले.

एवढी माहिती हाती असताना त्या चित्राकडे पाहणाऱ्याच्या मनात काय आले असेल, हे सांगावयास नको. तो ठोकळ्यासारखा आकार शवपेटीचा झाला. त्यावरील रंगाच्या फटकाऱ्यांत कोणाला घराण्याचे कुलचिन्ह दिसले. खालची कुत्री धन्याला शोधू लागली. विस्कटलेले सामान हे धनी गेल्यानंतरच्या घराचे सामान झाले, आणि कमानीतून आत येणारा तो प्रकाश म्हणजे मृत्यू, किंवा मृत्यूच्या पलीकडचे काही, किंवा मित्राच्या घरावर चित्रकाराच्या शोकाने धरलेली ज्वाला. हे विवेचन करणारे लोक उथळ नव्हते. त्यांनी चित्र पुष्कळ वेळ आणि पुष्कळ प्रेमाने पाहिले होते. शिवाय इंग्लिश चित्रकलेत शोकगीत म्हणण्याजोगे चित्र असे फारसे नाहीच, त्यामुळे हे एक सापडल्याचा आनंदही त्यांच्या लेखनात असणे स्वाभाविक होते.

पुढे अभ्यासकांनी एक अगदी साधी गोष्ट केली. चित्रातील दालन पेटवर्थच्या वाड्यात नेमके कोणते, हे त्यांनी शोधून पाहिले. आणि असे दालन त्या वाड्यात नाही असे आढळले. कमानींची ठेवण, खोलीचे प्रमाण, मागे उघडणारी वाट, यांपैकी कशाचाही पेटवर्थशी मेळ बसेना. वाडा तर जागेवरच आहे. १९४७ पासून तो नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात असून कोणालाही आत जाऊन पाहता येतो. तेव्हा हे पडताळणे अवघड नव्हते, आणि इतका काळ ते कोणी का केले नाही हा प्रश्न समीक्षकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. दालन दुसरीकडचे निघाले: आइल ऑफ वाइट बेटावरील ईस्ट काउज कॅसल, म्हणजे वास्तुशिल्पज्ञ जॉन नॅश याने स्वतःसाठी बांधलेले घर. १८२७ च्या उन्हाळ्यात टर्नर तेथे काही आठवडे पाहुणा होता. टेट संग्रहाने चित्राचे नाव बदलून ‘एका मोठ्या घराचा अंतर्भाग : दिवाणखाना, ईस्ट काउज कॅसल’ असे केले आणि काळ सुमारे १८३० असा दिला. पेटवर्थचे म्हणून ओळखले जाणारे ‘संगीताची बैठक’ हे टर्नरचे दुसरे चित्रही याच घरी हलविण्यात आले.

१८३० साली लॉर्ड एग्रेमॉन्ट जिवंत होता, आणि चांगला ठणठणीत होता.

अशा वेळी समीक्षेपुढे दोन सोपे मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे एका मृताच्या जागी दुसरा मृत बसविणे. त्यासाठी नॅशसारखा माणूस शोधूनही सापडला नसता. इंग्लंडच्या राजाचा तो आवडता वास्तुशिल्पज्ञ. ब्रायटन येथे हिंदुस्थानी घुमटांचा तो विलक्षण राजप्रासाद ज्याने उभा केला तोच हा. बकिंगहॅम प्रासादाच्या कामातील खर्चावरून गिल्ला झाला आणि १८३० साली आश्रयदाता राजा मरण पावताच त्याला त्या कामावरून दूर करण्यात आले. तो या बेटावर येऊन राहिला आणि १८३५ साली तेथेच वारला. मागे सुमारे १५,००० पौंडांचे कर्ज राहिले. ते फेडण्यासाठी त्याच्या विधवेने घरातील चित्रे लिलावात काढली, आणि त्यांत खुद्द टर्नरची चित्रे होती. विस्कटलेला दिवाणखाना, कलंडलेले सामान, बेवारशी शिल्पे: सारे काही या कथेत पहिल्या कथेपेक्षाही चपखल बसते. कालाचा काय तो अडथळा. पण ‘सुमारे’ हा शब्द थोडा ताणला की तोही दूर होईल. चित्र एवढे लवचीक आहे, की ज्या कोणाच्या मृत्यूची माहिती त्याच्याशेजारी ठेवावी त्याच्यासाठी ते शोक करू लागते. आणि मृत्यूच कशाला? एखाद्याने हे लुटीचे दृश्य आहे असे म्हटले, तर कापडांचे ढीग, उलटेपालटे सामान आणि बाहेरून आत घुसणारी ती आग यांच्या जोरावर त्याचेही म्हणणे तितक्याच सहजपणे उभे राहील.

दुसरा मार्ग अधिक प्रतिष्ठित आहे. तो म्हणतो की चूक नावाची नव्हे, नावाकडे पाहण्याचीच आहे. चित्र म्हणजे रंगांची एक रचना. तीत पेटवर्थ नाही, ईस्ट काउजही नाही. तांबडा आहे, पिवळा आहे आणि त्यांचे परस्परसंबंध आहेत. मराठी समीक्षेला ही भूमिका परिचित आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात कलाकृतीच्या सौंदर्याची मीमांसा संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे केली. आणि कलावंताच्या चरित्रातून कलाकृतीचा अर्थ उपसण्याची जी सवय मराठीत रूढ होती तिच्यावर त्या मीमांसेने घातलेला आघात आवश्यकच होता. प्रस्तुत चित्राला तो निकष लावला तर पुष्कळ काही हाती येते. खालचा साचलेला तांबडा आणि वरचा विरळ होत गेलेला पिवळा यांचा विरोध, भिंतींवरील सोनेरी छटेने त्या दोहोंत घडवून आणलेला संवाद, कमानीतील पांढऱ्या झोताला बाजूच्या जड आकाराने दिलेला तोल, या गोष्टी चित्रात खरोखरच आहेत आणि शोकवादी समीक्षकांनी त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

पण एवढ्याने भागत नाही. समजा, हेच रंग याच प्रमाणात घेऊन कोणी त्यांतून सूर्यास्ताचा समुद्र केला. टर्नरने असे समुद्र पुष्कळ केले आहेत, त्यामुळे ही कल्पना अगदीच हवेतली नाही. त्या समुद्रात पिवळ्या रंगाने तांबड्याला गिळले तर प्रेक्षकाला भव्यता जाणवेल. भय वाटलेच तर निसर्गाचे वाटेल. दिवाणखान्यात तेच घडताना जे वाटते ते निराळे आहे, आणि त्याचे कारण रंगात नसून दिवाणखान्यात आहे. घराला भिंती असतात त्या बाहेरचे बाहेर ठेवण्यासाठी. प्रकाशालासुद्धा घरात मोजून मापून, पडद्यांतून गाळून प्रवेश दिला जातो. जेथे प्रकाशाने मर्यादेत राहावे अशी अपेक्षा आहे, तेथे तो अमर्याद झाला आहे. ही अपेक्षा प्रेक्षक घराच्या अनुभवातून आणतो, रंगाच्या अनुभवातून नव्हे. चित्रातून घर काढून घेतले तर केवळ विषय जात नाही, लयसुद्धा बदलते. म्हणून रंगरचनेची भाषा बोलणाऱ्याला या चित्रापुढे मध्येच ‘भिंत’, ‘कमान’, ‘शिल्प’ असे शब्द वापरावेच लागतात.

आणि त्यांत शिल्पाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

अठराव्या शतकापासून इंग्लंडमधील सधन घरांत प्राचीन रोमन व ग्रीक मूर्ती जमविण्याची हौस फोफावली. पेटवर्थचे उत्तर दालन अशाच संग्रहासाठी बांधले गेले आणि एग्रेमॉन्टच्या तिसऱ्या अर्लने ते वाढवून त्यात समकालीन शिल्पकारांचीही कामे ठेवली. मूर्तींनी भरलेल्या अशा खोलीचे चित्र काढावयाचे तर ते कसे, याचा नमुना योहान झोफनीने टर्नरच्या बालपणीच घालून दिला होता. १७८१ ते १७८३ या काळात त्याने चार्ल्स टाउनली या संग्राहकाचे, लंडनच्या पार्क स्ट्रीटवरील घरातील ग्रंथालयात बसलेले चित्र काढले. (हे चित्र संपवून झोफनी हिंदुस्थानात आला आणि लखनौ व कलकत्ता येथे सहा वर्षे राहिला, लखनौच्या कोंबड्यांच्या झुंजीचे त्याचे चित्र येथील वाचकांना परिचित असेल.) टाउनली आणि त्याचे तीन स्नेही पुस्तके उघडून बसले आहेत, पायांशी कुत्रा आहे, आणि भोवती संगमरवराची दाटी आहे. घरभर विखुरलेल्या मूर्ती झोफनीने एका खोलीत आणून बसविल्या आहेत. एवढे वजन त्या खोलीत प्रत्यक्षात कधीच नव्हते. पुढे १७९१ साली उत्खननात सापडलेला थाळीफेक्या टाउनलीने मिळविला, तेव्हा १७९८ साली तोही या जुन्या चित्रात रंगवून घेण्यात आला. प्रत्येक मूर्ती ओळखू येते, कारण ती ओळखू यावी यासाठीच ती तेथे आहे. चित्र म्हणजे मालमत्तेची यादी. मात्र ती इतक्या कौशल्याने केलेली, की ती वाचताना कंटाळा येत नाही. १८०५ साली टाउनली वारला आणि त्याचे संगमरवर ब्रिटिश म्युझियमने विकत घेतले. चित्र लँकेशरमध्ये बर्नली येथे टाउनली घराण्याच्या मूळ वाड्यात आहे. यादी राहिली, वस्तू गेल्या.

झोफनीच्या चित्रातील प्रकाश बाजूने येतो. शिल्प दाखवावयाचे तर प्रकाश बाजूनेच यावा लागतो, कारण गोलाईचा एक भाग उजळून दुसरा सावलीत गेल्याशिवाय दगडाला बांधा येत नाही. अकादमीच्या शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हे पहिल्या वर्षी कळते. टर्नर त्या शाळेत १७८९ साली, म्हणजे चौदाव्या वर्षी गेला आणि प्राचीन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करीत शिकला. १८०७ पासून तो तेथे यथादर्शन या विषयाचा प्राध्यापक होता. धातूच्या चकचकीत गोलात खोलीचे प्रतिबिंब कसे पडते, पाण्याने भरलेल्या काचगोलातून प्रकाश कसा वळतो, यांच्या मोठ्या आकृत्या त्याने व्याख्यानांसाठी स्वतः काढल्या होत्या. त्याला शिल्प काढता येत नव्हते असे म्हणणे हास्यास्पद होईल.

त्याचा पुरावा पेटवर्थच्याच निळ्या कागदांत आहे. त्यांतील एकावर रात्रीचे उत्तर दालन आहे. काही मंडळी जॉन फ्लॅक्समनच्या एका भव्य संगमरवरी शिल्पापुढे उभी आहेत: सैतानाला पायाखाली घेऊन भाला उगारलेला सेंट मायकेल. फ्लॅक्समनचे हे अखेरच्या काळातील काम. १८२६ साली ते पुरे झाले आणि त्याच वर्षी शिल्पकार वारला. पुढच्याच वर्षी टर्नरने ते रात्रीच्या प्रकाशात पाहिले. चित्र हातभरही नाही. रंगाचे फटकारे मोजके आहेत. तरीही ते शिल्प कोणाचे आणि कोणते याविषयी शंका राहत नाही, कारण अंधाराने त्याला कडा दिल्या आहेत. भोवतीची माणसे दगडाकडे पाहत आहेत आणि दगड त्यांच्यापेक्षा अधिक जिवंत भासतो. हीच किमया त्याला तैलरंगात साधली नसती असे नाही.

म्हणजे दिवाणखान्याच्या चित्रात शिल्पे ओळखू येत नाहीत याला काही अर्थ आहे. तेथे त्याने प्रकाश मागून आणला. मागून आलेला प्रकाश शिल्पाला प्रथम काळे करतो आणि अधिक वाढला तर खाऊन टाकतो. घरातील सर्व वस्तूंमध्ये संगमरवराचा टिकण्याचा दावा सर्वांत मोठा. कापड जीर्ण होते, लाकडाला वाळवी लागते, आरसा फुटतो. मूर्ती मात्र दोन हजार वर्षे जमिनीत राहूनही वर येते, आणि म्हणूनच धनिकांनी तिच्यासाठी एवढे पैसे मोजले. या चित्रात जमिनीवरच्या कापडाचा ढीग आणि उभी मूर्ती यांना प्रकाशाने एकच न्याय लावला आहे. दोन्ही सारखीच विरघळतात. काही ठिकाणी तर कापड कोठे संपते आणि दगड कोठे सुरू होतो हे जवळ जाऊनही समजत नाही. तांबड्या कापडाला निदान रंगाचा आधार आहे; मूर्ती मुळातच पांढरी, त्यामुळे प्रकाशात ती सर्वांच्या आधी जाते. झोफनीच्या खोलीत जी वस्तू सर्वांत अधिक भक्कम होती ती टर्नरच्या खोलीत सर्वांत अधिक दुबळी झाली आहे.

शोकवादी समीक्षकांना जे जाणवले ते हेच होते. एक घर, त्यातील जमविलेले सर्व वैभव, आणि ते ज्याच्यापुढे टिकत नाही असे काहीतरी: हे त्यांनी अचूक पाहिले. रंगरचनेची भाषा बोलणाऱ्यांपेक्षा त्यांनी ते अधिक अचूक पाहिले, असेही म्हणावयास हरकत नाही. त्यांची चूक त्यानंतर झाली. चित्रात घडणाऱ्या क्रियेला त्यांनी कर्ता शोधला. मराठी व्याकरणात भावे प्रयोग म्हणून एक रचना आहे; तीत क्रियापद कर्त्याशीही जुळत नाही आणि कर्माशीही जुळत नाही. या चित्रातील नाश असा आहे. तो होत आहे एवढेच चित्र सांगते. कोणाचा, कोणामुळे, कोणत्या तारखेला, हे सांगत नाही. समीक्षकांना ही अपूर्णता सहन झाली नाही आणि त्यांनी १८३७ च्या नोव्हेंबरातून एक कर्ता आणून बसविला. त्याबरोबर शवपेटी आली, कुलचिन्ह आले आणि धन्याला शोधणारी कुत्री आली. यांतील कुत्र्यांचा प्रकार विशेष उद्बोधक आहे. टर्नरने तेथे रंगाचे चारदोन ठिपके ठेवले आहेत. ते कुत्र्यांचे असू शकतील. पण ती कुत्री काही शोधत आहेत हे ठिपक्यांत नाही. जो लॉर्ड एग्रेमॉन्टला ओळखतो त्यालाच ते दिसते, आणि तेही एग्रेमॉन्ट मेला आहे हे माहीत असल्यावर.

येथे एक आक्षेप संभवतो. भावे प्रयोगाची ही गोष्ट चित्राच्या अपूर्णतेतून आलेली नाही कशावरून? चित्र पुरे झाले असते तर मूर्ती ओळखू आल्या असत्या, सामान सरळ झाले असते आणि सर्वांचे कुतूहल शमले असते. हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही, कारण टर्नरची कामाची रीतच तशी होती. प्रदर्शन उघडण्यापूर्वी चित्रांवर अखेरचा हात फिरविण्यासाठी चित्रकारांना मोकळीक असे. १८३५ साली त्याने पार्लमेंटच्या आगीचे चित्र जवळजवळ कोऱ्या अवस्थेत भिंतीवर टांगले आणि इतर चित्रकारांच्या डोळ्यांदेखत दिवसभरात पुरे केले. दिवाणखान्याचे चित्र तो अशा भिंतीपर्यंत घेऊन गेला असता तर त्यावर काय चढले असते हे सांगता येत नाही. बहुधा एखादी कथा चढली असती. टर्नर हा शुद्ध रंगाचा उपासक कधीच नव्हता. आपल्या चित्रांना तो लांबलचक नावे देई. पुढेपुढे तर स्वतःच्या, कधीही न संपलेल्या एका दीर्घ काव्यातील ओळी सूचिपत्रात छापवून घेई. १९६६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले आणि त्यातून टर्नर अमूर्त चित्रकलेचा पूर्वज ठरल्यासारखा झाला. परंतु ज्याला त्याच्या चौकटीखालचे मजकूर ठाऊक आहेत त्याला हे पूर्वजत्व थोडे उसने वाटल्याशिवाय राहणार नाही. त्याने या चित्राला नाव दिले नाही ते नावांच्या विरोधात असल्यामुळे नव्हे. तो त्या टप्प्यापर्यंत पोहोचला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तथापि आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते चित्राच्या बांधणीत आहे. सामान, कुत्री, कापड, ही सारी पुढच्या थरात येणारी किंवा जाणारी माणसांची व वस्तूंची भर. ती बदलली असती. मागून येणारा प्रकाश तसा नाही. त्यावर सबंध खोली उभी आहे. तो बदलावयाचा तर हे चित्र पुरे करावे लागले नसते, टाकून द्यावे लागले असते. म्हणून मूर्तींचे विरघळणे हा अपघात म्हणता येत नाही. पुढे त्यांना नाक-डोळे आले असते तरी प्रकाशाकडे पाठ करून उभ्या असलेल्या त्या मूर्तींना झोफनीच्या मूर्तींचा बांधा आला नसता. कथा कोणतीही चढली असती तरी तिला या खोलीत वागावे लागले असते.

नव्या नावाविषयीही थोडे बोलणे आवश्यक आहे. ते अधिक सत्य आहे यात संशय नाही, आणि सत्य माहितीला समीक्षेत पर्याय नाही. जुने विवेचन सुंदर होते म्हणून ते चालू ठेवावे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण ‘दिवाणखाना, ईस्ट काउज कॅसल’ या शब्दांनी आता नव्या तऱ्हेची शोधाशोध सुरू होते. कमान कोणत्या खोलीत उघडते, आरसा कोठे होता, नॅशकडे कोणत्या मूर्ती होत्या. जुन्या समीक्षकाने ठिपक्यांत शोकमग्न कुत्री पाहिली. नवा अभ्यासक त्याच ठिपक्यांत फर्निचर पाहील. झोफनीने जी यादी स्वतः करून दिली ती टर्नरकडून वसूल करण्याचा हा प्रकार होय. पेटवर्थ हे नाव निदान चित्रातील एका खऱ्या अनुभवाकडे, चुकीच्या वाटेने का होईना, नेत होते. नवे नाव कोठेही नेत नाही; ते पत्ता सांगते. पत्ता बरोबर आहे म्हणून घरात काय चालले आहे ते कळते असे नाही.

पेटवर्थचा वाडा उभा असल्यामुळे जुने नाव खोडता आले. ईस्ट काउज कॅसलच्या बाबतीत तशी सोय उरलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते लष्कराने घेतले, नंतर ते पडीक झाले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आरंभी पाडून टाकण्यात आले. त्या दिवाणखान्यात उभे राहून कमान मोजून पाहणे आता कोणालाही शक्य नाही. नकाशे आणि जुनी दृश्ये तेवढी हाती आहेत. आणि त्यांच्याशेजारी टर्नरचा तो चार फुटी कॅनव्हास, ज्यात भिंतींच्या कडा कोठे होत्या हेच नेमके दिसत नाही.